वसव्याचा हिशेब

बांधावर मोठं झाड असलं की त्याच्या सावलीत पिकाचा एक पट्टा खुरटलेला राहतो. आमच्याकडे त्याला वसवा म्हणतात. वसव्यातली ज्वारी उंच होते, पण कणीस बारीक धरते. हरभऱ्याला घाटे कमी लागतात, कापसाची बोंडं उशिरा फुटतात. शाळेत 'झाडे लावा, झाडे जगवा' शिकण्याच्या कितीतरी आधी शेतकऱ्याच्या पोराच्या कानावर खळ्यातलं एक वाक्य पडलेलं असतं : "या लिंबानं दोन पोती खाल्ली."

हे पुस्तक त्या दोन पोत्यांविषयी आहे.

आमच्या शेताच्या पश्चिम बांधावर आजोबांच्याही आधीपासूनचा एक लिंब होता. वाटण्या झाल्या, आमच्या वाट्याला सव्वातीन एकर आले आणि त्यातले तीन-चार गुंठे लिंबाच्या वसव्यात गेले. दादांनी, म्हणजे माझ्या वडिलांनी, एका उन्हाळ्यात तो लिंब लाकूडवाल्याला दिला. खोडाच्या चौकटी झाल्या, फांद्या भट्टीला गेल्या आणि आलेल्या पैशांतून विहिरीवर मोटर बसली. पुढची काही वर्षं त्या गुंठ्यांत खरंच दाणा भरला. दादांनी झाड तोडलं म्हणून त्यांना दोष द्यावा असं मला कधीच वाटलं नाही. दरवर्षी दोन पोती घालवणारी गोष्ट सव्वातीन एकरवाल्यानं का सांभाळावी, या प्रश्नाला तेव्हा कुणाकडेच चोख उत्तर नव्हतं. पुण्यामुंबईच्या व्यासपीठांवरून झाडांचं महत्त्व सांगणाऱ्यांकडे तर नव्हतंच.

आज ते उत्तर देता येतं. कारण ज्या आभाळाखाली दादांनी हिशेब मांडला होता, ते आभाळ आता राहिलेलं नाही.

गेल्या पंधरा वर्षांत आमच्या भागानं जे पाहिलं ते एकापुढे एक ठेवून बघा. २०१२ चा दुष्काळ, २०१४ च्या फेब्रुवारी-मार्चमध्ये आठवडे चाललेली गारपीट, लगेच पाठोपाठ दोन कोरडी वर्षं, आणि २०१६ च्या एप्रिलमध्ये मिरजेहून लातूरला पाणी घेऊन येणारी रेल्वे. २०१९ ला ऑक्टोबर संपला तरी पाऊस थांबेना. काढणीला आलेलं सोयाबीन शेतातच उगवलं. २०२२ चा मार्च हा हवामान खात्याच्या १९०१ पासूनच्या नोंदींतला देशातला सर्वांत उष्ण मार्च ठरला आणि ओंबी भरायच्या वेळी गहू भाजून निघाला. वर्षाचा एकूण पाऊस कागदावर सरासरीच्या आसपास दिसतो. पण तो चार-सहा दिवसांत कोसळतो आणि मध्ये तीन-तीन आठवड्यांची उघडीप देतो. दुबार पेरणी पूर्वी वाईट वर्षाची गोष्ट होती, आता ती बियाण्याच्या हिशेबात आधीच धरतात.

अशा आभाळाखाली वसव्याचा हिशेब बदलतो. कसा, ते सांगण्यासाठी मी वाचकांना मेच्या दुपारी दोन वाजता शेतात घेऊन जाऊ इच्छितो.

नांगरून पडलेली काळी जमीन. हवेचा पारा बेचाळीसवर असतो तेव्हा या उघड्या मातीचा वरचा थर पन्नासच्याही पुढे तापलेला असतो. पायताण काढून दहा पावलं टाकणं अवघड. भेगा अशा, की मनगटापर्यंत हात सहज जावा. आता त्याच शेताच्या कडेला कुणी राखलेल्या बाभळीखाली या. पाय टेकतो. वाळलेल्या पाल्याचा थर बोटानं बाजूला करा. खाली मुंग्यांची घाई चाललेली, बुरशीचे पांढरे धागे पाल्याला चिकटलेले, आणि माती भुरभुरीत, तांबूस-काळी. दोन-तीन बोटं खोल गेलात की ती गार लागते. शेत एक, मालक एक, पाऊस एक. मधे फक्त झाड आहे.

हा गारवा ज्वारीच्या फार कामाचा नसेल, कारण मेमध्ये शेतात ज्वारी नसते. पण जुलैतली तीन आठवड्यांची उघडीप आणि मार्चचा वणवा ही याच दुपारीची भावंडं आहेत. उन्हाची कमतरता हा आपल्याकडच्या पिकांचा प्रश्न क्वचितच असतो. भर दुपारी पान पाणी ओढू शकत नाही, रंध्रं मिटून बसतं आणि तेवढा वेळ अन्न तयार करणं बंद ठेवतं. दुपारनंतरची विरळ सावली अशा वेळी पिकाकडून काही काढून घेत नाही. कोरडा वारा अडवला तर लाभ आणखी. झाडांची ओळ वाऱ्याला आडवी असली तर तिच्या उंचीच्या दहापट अंतरापर्यंत, कधी त्याहून पुढेही, वाऱ्याचा जोर कमी राहतो. वीस फुटी शेवरीची ओळ दोनशे फूट शेताची ओल सांभाळते. वसवा पडतो तो वीस-तीस फुटांत. आमच्या खळ्यातल्या वाक्यात हे वीस-तीस फूटच मोजले जायचे. उरलेल्या पावणेदोनशे फुटांत झाडानं काय दिलं ते मोजायची सवयच आम्हाला लागली नाही.

जमिनीखालचा व्यवहार तर डोळ्यांना दिसतच नाही. ज्वारी-सोयाबीनची मुळं वरच्या थरात खेळतात. बाभूळ, लिंब, अंजन यांची खोल उतरतात आणि पिकाच्या निसटून खाली गेलेली अन्नद्रव्यं उचलून पानांत आणतात; पानगळ झाली की ती पुन्हा वर. काही झाडांची मुळं रात्री खालचं पाणी वर ओढून कोरड्या थरात थोडं सोडतात, असंही संशोधकांनी मोजून दाखवलं आहे. बाभूळ, हादगा, शेवरी, पांगारा, गिरीपुष्प ही शेंगवर्गीय झाडं मुळांवरच्या गाठींत हवेतला नत्र बांधतात. आणि मुसळधार पाऊस कोसळतो तेव्हा मुळांनी पोकळ केलेल्या जमिनीत तो जिरतो. बांध धरून ठेवायला मुळं नसतील तर तो बांधासकट ओढ्याला मिळतो. अतिवृष्टीच्या वर्षी फुटलेले बांध मी बरेच पाहिले. बहुतेक उघडेबोडके होते.

या सगळ्याला आज कृषिवनिकी म्हणतात. वनशेती हाही शब्द रुळला आहे. नाव नवं आहे. नैरोबीत या विषयाचं आंतरराष्ट्रीय संशोधन केंद्र १९७८ ला सुरू झालं, आपल्याकडे कृषी संशोधन परिषदेनं १९८३ ला देशभरचा समन्वित प्रकल्प हाती घेतला, झाशीला १९८८ मध्ये राष्ट्रीय केंद्र झालं. २०१४ ला भारतानं राष्ट्रीय कृषिवनिकी धोरण जाहीर केलं. असं स्वतंत्र धोरण करणारा जगातला तो पहिला देश. संयुक्त राष्ट्रांच्या हवामानविषयक समितीनं २०१९ च्या जमिनीवरील अहवालात कृषिवनिकीला मानाचं पान दिलं. या तारखा इथे सांगून टाकतो, म्हणजे पुढच्या प्रकरणांत त्यांच्यासाठी थांबावं लागणार नाही.

व्यवहार मात्र जुना आहे, आणि तो समजून घ्यायचा तर गोव्यात फोंडा-सत्तरीकडच्या एखाद्या कुळागरात अर्धा दिवस काढावा. डोंगराच्या कुशीतून पाटानं आणलेलं पाणी उतारावरून एकेका वाफ्याला भिजवत खाली जातं. वर माड, त्यांच्या खांद्याशी पोफळी, पोफळीच्या अंगावर मिरीचे वेल, खाली केळी, जायफळ, कडेला फणस आणि कोकम, पायाशी अननस, अळू, सुरण. ऊन वरून खाली येताना प्रत्येक मजल्यावर थोडं थोडं खर्च होतं आणि जमिनीवर पोचतं ते कवडशांपुरतं. इथे सावली तोट्याच्या खात्यात कुणीच धरत नाही, कारण सावलीत काय लावायचं हे घरातल्या म्हाताऱ्यांना ठाऊक असतं. मिरीचा भाव पडला तर सुपारी असते, सुपारीवर रोग आला तर नारळ असतो. एका वर्षाच्या एका फटक्यात सगळं घर बसत नाही. कोकणातल्या वाड्याही याच गोताच्या.

तिथल्या वरकस जमिनीवर ऐन-किंजळीचं कवळ तोडून राब भाजायचा आणि त्यावर नाचणी-भाताचं रोप टाकायचं, ही पद्धतही झाड आणि पीक यांना जोडणारीच. पण ती झाडाला दरवर्षी बोडकं करते, हेही तेवढंच खरं. जुनं सगळंच चांगलं होतं असं म्हणायला हे पुस्तक लिहिलेलं नाही.

घाटावर कुळागर होणार नाही. चारशे-पाचशे मिलिमीटर पावसात तीन मजली बाग उभी राहत नाही. तिथे बघायचं ते राजस्थानाकडे. जोधपूर, नागौर, बिकानेरच्या बाजरीच्या शेतांत खेजडी उभी असते. आपण तिला शमी म्हणतो आणि दसऱ्याला तिची पूजा करतो, तीच ही. तिच्याखाली बाजरी मोकळ्या शेताइतकी, किंबहुना जास्तच येते, हे तिथल्या शेतकऱ्यांना पिढ्यान्‌पिढ्या माहीत होतं. शास्त्रज्ञांनी पुढे तिच्याखालची माती तपासून त्यावर शिक्का मारला. पाला जनावरांना, शेंगा माणसांना. १७३० मध्ये खेजडली गावात ही झाडं वाचवताना अमृतादेवींसह ३६३ बिश्नोई माणसांनी जीव दिला. या घटनेकडे मी नेहमी श्रद्धेची गोष्ट म्हणून पाहत आलो. त्या वाळवंटात खेजडी गेली तर मागोमाग बाजरी आणि बकरीही जाते, हे कळल्यावर तिचा अर्थ मला अधिक खोल वाटू लागला.

आणि दुसरं पाहायचं ते पश्चिम आफ्रिकेतल्या नायजर देशाकडे. या पुस्तकाचं बीज मला तिथे सापडलं, म्हणून ती कथा जरा सविस्तर सांगतो.

सहारा वाळवंटाच्या दक्षिण काठावरचा हा देश. साठ-सत्तरच्या दशकांत शेतं 'स्वच्छ' करण्याच्या ओघात तिथली झाडं साफ झाली, पाठोपाठ भीषण दुष्काळ आले. टोनी रिनाउडो नावाचा तरुण ऑस्ट्रेलियन कृषितज्ज्ञ मराडी भागात वृक्षारोपणाचं काम करत होता आणि लावलेली रोपं बहुतेक मरत होती. १९८३ मधली गोष्ट. वाळूत चालावी म्हणून तो गाडीच्या चाकांतली हवा कमी करायला उतरला आणि जवळच्या एका झुडपाकडे त्याचं लक्ष गेलं. ते झुडूप नव्हतंच; तोडलेल्या झाडाच्या बुंध्यातून आलेले ते फुटवे होते. खाली मुळांचं आख्खं जंगल जिवंत होतं. दरवर्षी पेरणीआधी शेतकरी ते फुटवे कापून जाळत होते आणि दरवर्षी ते पुन्हा येत होते. रिनाउडोनं रोपवाटिका बाजूला ठेवली. त्यानं शेतकऱ्यांना सांगितलं, बुंध्यावरचे दोन-चार चांगले फुटवे राखा, बाकीचे छाटा, खालच्या फांद्या उतरवत राहा. सुरुवातीला लोकांनी त्याला वेड्यात काढलं. पण पुढच्या वीसेक वर्षांत नायजरमध्ये सुमारे ५० लाख हेक्टरांवर अंदाजे २० कोटी झाडं अशी शेतांतूनच उभी राहिली. २०१८ मध्ये त्याला राइट लाइव्हलीहूड पुरस्कार मिळाला. तिथला 'गाओ' नावाचा एक वृक्ष तर वसव्याच्या प्रश्नाला निसर्गानं दिलेलं उत्तरच आहे : पावसाळ्यात, पीक शेतात असताना तो निष्पर्ण होतो आणि कोरड्या दिवसांत हिरवा राहून गुरांना सावली-चारा देतो.

मला या कथेतली रोपवाटिका सोडून देण्याची गोष्ट सर्वांत मोलाची वाटते. आपल्याकडे झाड म्हटलं की खड्डा, रोप, फलक आणि फोटो. पुढच्या वर्षी त्याच खड्ड्यात पुन्हा रोप. आणि त्याच वेळी चैत्र-वैशाखात आपण बांध पेटवतो. गवत जावं, साप-किरडू राहू नये, नांगर बांधाला घासून फिरावा म्हणून. त्या आगीत काय जळतं ते एकदा वाकून बघायला हवं. पळसाचे हातभर फुटवे, पाखरांनी टाकलेल्या बियांतून उगवलेली बोरी-बाभळीची पोरं, एखादा हिवर, एखादं सीताफळ. पाणी न घालता, कुंपण न करता, सरकारी पैसा न लागता आलेली झाडं. माझ्या मोजणीत आमच्याच तीन बांधांवर एका वर्षी अशी चाळीसच्या वर निघाली. ती मी मोजली तेव्हा चैत्र लागायला आठवडा होता.

ही झाडं का जळतात आणि मोठी झाडं का तुटतात, हे समजून घेतल्याशिवाय उपदेश करणं मला अन्यायाचं वाटतं. कोपनहेगन विद्यापीठाच्या संशोधकांनी उपग्रहांच्या छायाचित्रांवरून भारतातल्या शेतांतली झाडं एकेक करून मोजली. मे २०२४ मध्ये 'नेचर सस्टेनेबिलिटी' या नियतकालिकात ती मोजणी प्रसिद्ध झाली. २०१८ ते २०२२ या चारच वर्षांत पन्नास लाखांहून अधिक मोठी झाडं शेतांतून नाहीशी झाली आणि सर्वाधिक तूट मध्य भारतात, विशेषतः तेलंगणात आणि आपल्या महाराष्ट्रात दिसली. हा आकडा वाचला त्या रात्री मला आमचा लिंब डोळ्यांसमोर आला. तो या मोजणीच्या कितीतरी आधी गेला होता, कुणाच्याही उपग्रहानं न टिपता.

१९७०-७१ मध्ये महाराष्ट्रात सरासरी धारणक्षेत्र ४.२८ हेक्टर होतं, २०१५-१६ मध्ये ते १.३४ हेक्टर झालं. जमीन तुकड्यांत गेली की वसव्याचे चार गुंठे डोळ्यांत खुपू लागतात. बांध कोरत कोरत हातभर उरतो आणि त्यावरचं झाड कुणाचं, यावरून भावाभावांत कोर्ट. बैल गेले तशी बाभूळही गेली, कारण वखराचं, तिफणीचं, गाडीच्या जुवाचं लाकूड बाभळीचंच असायचं; सुतार ते झाड उभ्यानंच हेरून ठेवायचा. ट्रॅक्टरला वळायला जागा लागते आणि मधलं झाड त्याला आडवं येतं. बोअरचं पाणी आलं, दोनाची तीन पिकं झाली, सावलीचा काच वाढला. यातलं एकही कारण खोटं नाही.

पण एक कारण असं आहे की ते दूर करणं आपल्या हातात होतं आणि आपण केलं नाही. झाड शेतकऱ्याच्या जमिनीत, वाढवलं शेतकऱ्यानं. तोडायचं मात्र परवानगीनं. महाराष्ट्रात १९६४ च्या वृक्षतोड विनियमन कायद्याच्या अनुसूचीत सागवान, आंबा, चिंच, जांभूळ, खैर अशी झाडं आहेत. हेतू चांगलाच होता. परिणाम काय झाला ते मी घरात पाहिलं. आमच्या चुलत्यांनी मुलीच्या लग्नासाठी बांधावरचे सहा साग काढायचे ठरवले. सातबारा, नकाशा, पंचनामा, शिक्का, वाहतुकीचा परवाना. लग्न होऊन गेलं तरी कागद एका टेबलावरून दुसऱ्या टेबलावर फिरत होते. तेव्हापासून काका बांधावर सागाचं रोप दिसलं की वीतभर असतानाच उपटतात. २०१७ मध्ये वनाबाहेरच्या बांबूला कायद्यानं 'झाड' या व्याख्येतून वगळलं आणि बांबूची लागवड करायला शेतकरी धजावले. नायजरमध्येही झाडं सरकारची मानली जायची तोवर शेतकरी ती राखत नव्हते. ती आपली आहेत हा भरवसा आल्यावरच फुटवे वाढले.

हा विचार मराठीला परका नाही. शिवशाहीच्या परंपरेतलं, रामचंद्रपंत अमात्यांच्या नावे असलेलं आज्ञापत्र आरमाराच्या लाकडाविषयी बोलताना आंबा-फणसाच्या झाडांना हात लावू नका असं बजावतं, कारण रयतेनं ती लेकरांसारखी वाढवलेली असतात. आणि जीर्ण झाड घ्यायचंच झालं तर मालकाला राजी करून, मोल देऊन घ्या, असं सांगतं. झाड राखणाऱ्याचा हक्क इथे आधीच मानलेला आहे. १८८३ मध्ये जोतीराव फुल्यांनी 'शेतकऱ्याचा असूड' लिहिला. रानांतला पालापाचोळा, फुलं, मेलेले जीवजंतू पावसाच्या पाण्याबरोबर शेतांत येऊन मुरावेत म्हणून बंधारे-ताली बांधाव्यात, असा त्यांचा आग्रह त्यात आहे. रान आणि शेत यांच्यामधली शीर कापली गेली की शेत उपाशी राहतं, हे त्यांनी पाहिलं होतं. सेंद्रिय कर्ब हा शब्द तेव्हा नव्हता. वस्तू तीच होती. आज आपल्या कोरडवाहू जमिनींत हा कर्ब बहुधा अर्ध्या टक्क्याच्याही खाली आढळतो.

कर्बाचा विषय निघालाच आहे तर हवामानबदलाच्या दुसऱ्या बाजूविषयीही लिहितो. या चर्चेत दोन शब्द सतत येतात, अनुकूलन आणि शमन. साध्या भाषेत सोसणं आणि आवरणं. आतापर्यंत मी सोसण्याविषयीच बोललो, आणि मुद्दाम. शेतकऱ्यावर आधी सोसण्याची वेळ आली आहे. जगाची हवा आवरण्याचं ओझं त्याच्या खांद्यावर टाकणं बरोबर नाही, कारण ती बिघडवण्यात त्याचा वाटा नगण्य. तरी झाड हे दोन्ही कामं एकाच वेळी करतं. वाळलेल्या लाकडाच्या वजनात साधारण निम्मा कर्ब असतो. एक टन वाळलं लाकूड तयार होताना हवेतला सुमारे एक टन आठशे किलो कार्बन डायऑक्साइड झाडानं ओढून घेतलेला असतो. त्या लाकडाची चौकट किंवा पलंग झाला तर तो घरातच कोंडून राहतो, चुलीत गेलं तर पुन्हा हवेत. गिरीपुष्पाचा पाला शेतात घातल्यानं युरियाची एक गोणी वाचली तर तिच्यापायी जमिनीतून सुटणारा नायट्रस ऑक्साइडही वाचतो, आणि तो कार्बन डायऑक्साइडच्या अडीचशे पटींहून जास्त उष्णता धरणारा वायू आहे. एका बांधाच्या हिशेबात हे आकडे किरकोळ वाटतील. महाराष्ट्रातल्या बांधांची एकूण लांबी डोळ्यांसमोर आणली की तसं वाटत नाही.

मात्र याच कारणानं आता गावोगाव कार्बन क्रेडिटचे करार घेऊन माणसं फिरू लागली आहेत. त्यांतले काही प्रामाणिक असतील. करारात किती वर्षं बांधून घेतलं आहे, झाड मेलं, जळलं किंवा तोडावं लागलं तर काय, पैसा कधी आणि कुणाच्या हातून येणार, हे मराठीत लिहून दिल्याशिवाय सही करू नये, असं मी ज्याला भेटतो त्याला सांगतो. निलगिरीच्या वेळी आपण एकदा पोळलो आहोत. ऐंशीच्या दशकात सामाजिक वनीकरणाच्या लाटेत शेतांतून निलगिरीच्या रांगा उभ्या राहिल्या. पैसा झटपट येईल अशी आशा होती. सगळ्यांचं लाकूड एकदमच बाजारात आलं तसे भाव कोसळले. अलीकडे हीच स्वप्नं वेगवेगळ्या इमारती लाकडांच्या रोपांबरोबर विकली जातात. एकाच जातीची रांग म्हणजे ऊस किंवा सोयाबीनइतकीच एकपिकी शेती, फक्त उंच.

झाडं सगळ्या संकटांतून तारतील असंही कुणी समजू नये. ३ जून २०२० ला निसर्ग चक्रीवादळ रायगडच्या किनाऱ्यावर आलं आणि श्रीवर्धनपासून दापोलीपर्यंतच्या नारळ-सुपारीच्या वाड्या एका दुपारीत आडव्या झाल्या. रोठा सुपारीची ती झाडं पुन्हा उभी राहायला सात-आठ वर्षं लागतात. तिथली माणसं भेटली तेव्हा झाडांची बाजू मांडायला मला शब्द सुचले नाहीत. एका आजींनी वाडीत पडलेल्या पोफळी दाखवल्या आणि फांद्या मोडूनही उभा असलेला फणस दाखवला. त्यांनी फणसाच्या बाजूला आता दोन रांगा कोकमाच्या घेतल्या आहेत.

म्हणून या पुस्तकात 'कोणतं झाड लावावं' याची यादी नाही. कुठल्या बांधावर, कशासोबत आणि कुणाच्या कामाचं, हे प्रश्न आहेत. रब्बीत सूर्य दक्षिणेकडे कललेला असतो, सावली उत्तरेला पडते. उंच झाड उत्तरेच्या बांधावर असेल तर वसवा आपल्या हरभऱ्यावर येत नाही. शेजाऱ्याच्या येतो, म्हणून त्याच्याशी आधी बोलावं लागतं आणि झाडाच्या उत्पन्नात त्याला वाटा द्यावा लागतो. पश्चिमेच्या बांधावरची सावली तिसऱ्या प्रहरी शेतात उतरते, ऐन भाजण्याच्या वेळी, आणि उन्हाळी झळाही याच बाजूनं अडतात. झाड आणि पीक यांच्यामध्ये दोन फूट खोल चर काढला की वरची मुळं शेतात शिरत नाहीत. खालच्या फांद्या पेरणीआधी उतरवल्या तर वसवा निम्म्यानं पातळ होतो, पाला शेळ्यांना मिळतो आणि सरपण घरी येतं. हे सगळं लोकांना ठाऊक होतं. माझ्या आजोबांच्या लिंबाच्या खालच्या फांद्यांवर कोयत्याच्या जुन्या खुणा होत्या, हे मला झाड गेल्यावर पुष्कळ वर्षांनी आठवलं. आजोबा दरवर्षी छाटायचे. वाटणीनंतर त्या कामाला कुणाकडे वेळ उरला नाही, आणि बहुधा तेव्हापासूनच लिंब पोती खाऊ लागला.

पुढची प्रकरणं एकेका झाडाची आहेत. सुरुवात बाभळीपासून केली आहे, कारण बांधावर तीच आपणहून सर्वांत आधी येते. सगळी माहिती शेतात उभं राहून, माणसांना विचारून घेतली आहे. ज्यांनी सांगितली त्यांची नावं त्यांच्या इच्छेनुसार दिलेली नाहीत. काही जणांनी झाड का तोडलं तेही मोकळेपणानं सांगितलं आणि ती प्रकरणं मी वगळलेली नाहीत.

हस्तलिखित संपवत होतो तेव्हा गावी गेलो होतो. दादा आता शेतात फारसे जात नाहीत, पण सांजेला बांधापर्यंत येतात. पश्चिमेच्या बांधावर, जुन्या लिंबाच्या जागेपासून चारेक हातांवर, एका लिंबाचं रोप कंबरेएवढं झालं होतं. साळुंक्यांनी टाकलेल्या लिंबोळीतलं असणार. बाकी बांध पेटवून झाला होता. एवढा तुकडा कुणीतरी भोवतीचं गवत उपटून राखलेला दिसला. "उत्तरेला असता तर बरं झालं असतं," मी म्हणालो. दादा म्हणाले, "आता आलाय तिथं आलाय. फांद्या काढत राहा." त्यांनी आपल्या जुन्या धोतराची पट्टी फाडून रोपाला बांधली आहे, नांगरटीच्या वेळी ट्रॅक्टरवाल्याला लांबून दिसावी म्हणून.